नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

दिवाळीच्या आधी घराला रंग दिला आणि दिवाळी झाल्यावर नेट बिघडलं. डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या आत्याच्या घरची ही गोष्ट. बाहेरच्या खोलीत सगळं ठीक, पण आतल्या खोलीत बसून काम करणाऱ्या आतेबहिणीची मीटिंग दर दहा-पंधरा मिनिटांनी तुटायची. नेटवाल्याचा माणूस तीनदा येऊन गेला. पहिल्या वेळी त्याने राउटर बंद करून चालू केला, दुसऱ्या वेळी राउटर बदलून दिला, तिसऱ्या वेळी मोठा प्लॅन घ्यायला सांगितलं. आत्याने तोही घेतला. मीटिंग तुटायची ती तुटतच राहिली.

तिन्ही वेळा उपाय झाला, निदान मात्र राहून गेलं. घरच्या नेटच्या बहुतेक तक्रारींचं असंच होतं, आणि त्याचं मूळ थोडंसं आपल्या बोलण्यातही आहे. 'नेट गेलं', 'वायफाय येत नाही', 'रेंज नाही', 'स्लो झालंय' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. प्रत्यक्षात रस्त्यावरच्या खांबापासून हातातल्या फोनपर्यंत माहिती पाच टप्पे ओलांडून येते: बाहेरून येणारी फायबर, ती जिथे संपते तो डबा, डब्यापासून फोनपर्यंतची हवा, फोनला मिळालेला पत्ता आणि शेवटी तो फोन. यातलं काहीही तुटलं तरी पडद्यावर तेच एक चक्र गोल गोल फिरत राहतं. म्हणून कशालाही हात लावण्याआधी कुठे तुटलंय ते शोधायचं.

त्यासाठी पहिले तीन प्रश्न घरातल्या कुणालाही विचारता येतात. एकाच फोनला त्रास आहे की सगळ्यांना? एकाच खोलीत की घरभर? दिवसभर की ठरावीक वेळी? सगळ्यांना, घरभर आणि अचानक त्रास सुरू झाला असेल तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या तारेत किंवा डब्यात असतो. एका खोलीपुरता असेल तर तो हवेत असतो. एकाच फोनपुरता असेल तर राउटरला हात लावायचं काही कारणच नाही. आत्याच्या घरी हे विचारायला मला दोन मिनिटं लागली आणि बाहेरून येणाऱ्या तारेवरचा माझा संशय तिथेच फिटला.

तरी तारेपासूनच सुरुवात करू, कारण तिचं निदान सगळ्यात सोपं आहे. डब्यावरचे दिवे ते सांगतात.

घरापर्यंत फायबर आली असेल तर भिंतीवरच्या डब्याला ओएनटी म्हणतात. बऱ्याच घरांत तोच राउटरचंही काम करतो. त्यावर 'पॉन' नावाचा हिरवा दिवा असतो आणि 'एलओएस' नावाचा एरवी विझलेला दिवा असतो. एलओएस म्हणजे प्रकाशाचा संकेत हरवणे. हा लाल दिवा लागला किंवा लुकलुकू लागला, तर घरातल्या वायफायशी खटपट करण्यात अर्थ नाही. एक्स्चेंजमधून निघालेला प्रकाश तुमच्या डब्यापर्यंत पोहोचतच नाही किंवा फार क्षीण पोहोचतो, एवढाच त्याचा अर्थ. रस्ता खोदताना जेसीबीने तार तोडली असेल, डक्टमध्ये उंदराने कुरतडली असेल, किंवा तुमच्याच सोफ्यामागे ती पिवळी पातळ तार दुमडली गेली असेल.

शेवटची शक्यता स्वतः तपासता येते. फायबरच्या आतल्या काचेच्या ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो अवघा ९ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कितीतरी बारीक. सरळ किंवा हलक्या वळणाच्या तारेत प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. वळण फार आवळलं की तो गाभ्यातून बाहेर निसटतो. तार तुटलेली दिसत नाही, पण प्रकाश गळतो. म्हणून जास्तीची तार गुंडाळताना वाटीपेक्षा लहान वेटोळं करू नये आणि तिच्यावर खिळा किंवा फर्निचरचा पाय येऊ देऊ नये. तार डब्यात जिथे जाते तिथलं हिरवं टोक उगाच काढू नये. एवढ्या बारीक गाभ्यासमोर धुळीचा एक कणही भिंतीसारखा उभा राहतो. आणि काही झालं तरी त्या टोकात डोळा लावून बघू नये. आतला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही. तार तपासायला येणारा माणूस जो लाल प्रकाश सोडतो तो वेगळा, तुटलेली जागा शोधण्यापुरता.

तो माणूस आला की त्याला एक प्रश्न जरूर विचारा: "पॉवर किती येतेय?" त्याच्याकडे प्रकाश मोजायचं छोटं मीटर असतं. उत्तर उणे आकड्यात येतं. उणे २० च्या आसपास असेल तर तार उत्तम आहे. उणे २७-२८ च्या पलीकडे गेलं असेल तर डबा कधी जोडला जाईल, कधी तुटेल, आणि पावसाळ्यात तर रोजच रडेल. असं असताना डबा बदलून काही होत नाही. कुठला तरी जोड पुन्हा मारावा लागतो.

पॉनचा दिवा हिरवा, एलओएस विझलेला, पण इंटरनेटचा दिवा लागत नाही किंवा कुठलीही साइट उघडली की पैसे भरायचं पान येतं, असं असेल तर रिचार्ज संपलाय का ते आधी बघा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण महिन्याची तारीख लक्षात नसते आणि अख्खी संध्याकाळ राउटर उघडबंद करण्यात जाते.

विजेचाही संबंध इथेच येतो. ओएनटी सहसा १२ व्होल्टवर चालतो. त्याचा ॲडॉप्टर दोन-चार वर्षांत म्हातारा होतो, भार वाढला की दाब टिकवू शकत नाही आणि डबा स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. दिवे मधूनच विझून सगळे एकदम लागत असतील, तर राउटरच्या आधी ॲडॉप्टरवर संशय घ्या. बदलताना व्होल्टचा आकडा अगदी तोच हवा. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. वीज जाऊन घर इन्व्हर्टरवर येतं तेव्हा क्षणभराचा खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही, राउटरला कळतो, आणि पुन्हा उभं राहायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस यासाठीच असतो. परीक्षा किंवा मुलाखत देणारं कुणी घरात असेल तर तो घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दुसरा टप्पा. आत्याच्या घरी मी लॅपटॉप राउटरला तारेने जोडला आणि वेग मोजला. हवा मधून काढून टाकायची आणि मग मोजायचं, हीच घरच्या नेटची खरी परीक्षा. प्लॅन २०० एमबीपीएसचा होता, तारेवर १९० च्या वर वेग आला. म्हणजे बाहेरची तार, डबा, कंपनी, प्लॅन या सगळ्यांत खोट नव्हती. तोच लॅपटॉप तार काढून आतल्या खोलीत नेला तर वेग ६ वर. दोष राहिला तो या दोन खोल्यांच्या मधल्या हवेत.

या मोजणीत दोन ठिकाणी फसगत होते. एक, एमबीपीएसमधलं 'बी' हे बिट असतं, बाइट नव्हे. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे १०० च्या प्लॅनवर एखादी फाइल सेकंदाला १२ मेगाबाइटने उतरत असेल तर ते अगदी बरोबर आहे, कुणी फसवलेलं नाही. दुसरी, मोठा प्लॅन असूनही तारेवरचा वेग नेमका ९४-९५ ला अडत असेल तर लॅनच्या तारेकडे बघा. तिच्यात आठ बारीक तारा असतात. १०० च्या वेगाला चार पुरतात, हजारच्या वेगाला आठही लागतात. एखादी जरी टोकाशी निसटली, तरी दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात. कुठेही चूक दाखवली जात नाही. शंभर-दीडशे रुपयांची तार बदलली की काम होतं.

आणि आता हवा. घरच्या नेटच्या तक्रारींचा मोठा भाग इथे असतो आणि तिच्याबद्दलच आपल्याला सगळ्यात कमी माहिती असते.

वायफाय म्हणजे रेडिओच. घरात त्याचे दोन पट्टे वापरात आहेत, २.४ गीगाहर्ट्झ आणि ५ गीगाहर्ट्झ. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांब, दुसऱ्याची साधारण साडेपाच. लांब लहर भिंतीतून बऱ्यापैकी पलीकडे जाते, पण तिचा पट्टा अरुंद आणि गर्दीचा आहे. आखूड लहरीचा पट्टा ऐसपैस आणि वेगवान, पण एक-दोन भिंतींत ती दमते. राउटर कधी दोन्हींना वेगवेगळी नावं देतो, कधी एकच. दूरच्या खोलीत ५ चा हट्ट धरू नये आणि राउटरच्या समोर बसून २.४ वर राहू नये, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच साधतं.

भिंत म्हटली की सगळ्या सारख्या नसतात. लाकडी दार, प्लायवूड, साधी काच यांतून रेडिओ लहर सहज जाते. विटांची अर्धी भिंत थोडं घेते. सळया घातलेला स्लॅब आणि कॉलम बरंच घेतात. कोकणातल्या जांभ्याच्या किंवा जुन्या वाड्याच्या दगडी जाड भिंती त्याहून जास्त, आणि पावसाळ्यात त्या ओल धरतात तेव्हा आणखी, कारण पाणी या लहरी शोषून घेतं. माशांची मोठी टाकी किंवा पाण्याचं पिंप मध्ये आलं तर तेही आडोसाच होतं. धातू मात्र लहर शोषतही नाही आणि जाऊही देत नाही, परत फिरवतो. आरशाच्या मागे धातूचा मुलामा असतो, म्हणून आरसासुद्धा.

आत्याच्या घरी रंगाच्या वेळी सामान हललं होतं. लोखंडी कपाट, दारावर पुरुषभर आरसा असलेलं, दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला लावलं गेलं. आणि राउटर नव्या रंगावर शोभत नाही म्हणून टीव्हीखालच्या कप्प्यात, सेट टॉप बॉक्सच्या मागे गेला. आतल्या खोलीसाठी तो आता लोखंडाच्या पडद्याआड होता.

हे अंदाजाने ठरवू नये, मोजावं. फोनवरच्या वायफायच्या दांड्या फार ढोबळ असतात. अँड्रॉइडवर वायफाय ॲनलायझर प्रकारची फुकट ॲप मिळतात, ती संकेताची ताकद डीबीएममध्ये दाखवतात. हा आकडाही उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राउटरशेजारी तो उणे ३५-४० असतो. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल आरामात चालतो. उणे ७५ ला कुरकुर सुरू होते आणि उणे ८० च्या पलीकडे फक्त नाव दिसतं, काम होत नाही. या मोजपट्टीत दहाचा फरक म्हणजे दहापट आणि वीसचा फरक म्हणजे शंभरपट. उणे ५० आणि उणे ८० यांत दिसायला तीसचं अंतर, प्रत्यक्षात हजारपट. आतेबहिणीच्या टेबलावर आकडा होता उणे ८१. राउटर कप्प्यातून काढून दाराच्या वरच्या फळीवर, कपाटाची सावली पडणार नाही असा ठेवला. तिथेच पुन्हा मोजलं तर उणे ६२. संकेत सुमारे ऐंशी पट वाढला होता आणि खर्च झाला होता चार मीटर तारेचा. महिनाअखेरीला आत्याने जुना प्लॅन परत घेतला.

राउटर उंचावर, उघड्यावर, घराच्या शक्य तितक्या मध्यभागी आणि धातूपासून लांब हवा. त्याच्या काड्या म्हणजे अँटेना उभ्या असल्या की लहरी आडव्या पसरतात आणि काडीच्या टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी जातात. एका मजल्याच्या फ्लॅटमध्ये त्या उभ्याच ठेवाव्यात. रो-हाउसमध्ये वरच्या मजल्यावर पोहोचवायचं असेल तर एखादी आडवी करून बघावी.

भिंती परत फिरवतात त्या लहरींचाही एक त्रास असतो. एकच संदेश थेट येतो, भिंतीवरून उसळून क्षणभर उशिरा येतो, छतावरून आणखी उशिरा, आणि सगळे एकमेकांत मिसळतात. रिकाम्या मोठ्या खोलीत बोलणं घुमतं आणि शब्द कळत नाहीत, तसंच. सुरुवातीच्या बिनतारी जाळ्यांचा वेग यानेच अडवला होता. त्यावर एक महत्त्वाचा उपाय ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या जॉन ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. एकच वेगवान प्रवाह पाठवण्याऐवजी माहिती अनेक संथ प्रवाहांत वाटून एकाच वेळी पाठवायची, म्हणजे प्रतिध्वनी आला तरी गोंधळ होत नाही. त्यांना १९९६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. ओसलिव्हन मुळात रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. फुटणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचे रेडिओ संकेत शोधण्याच्या प्रयत्नात संकेत सोडवण्याचं जे गणित त्यांनी हाताळलं होतं, ते इथे उपयोगी पडलं. ते संकेत काही सापडले नाहीत. नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणींमुळे आपल्याला रेडिओ खगोलशास्त्र परकं नाही. आकाशाकडे कान लावणाऱ्या त्या विद्येचं आपल्या दिवाणखान्याशी इतकं जवळचं नातं आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

भिंतींनंतर शेजारी. २.४ चा पट्टा जगभर परवान्याशिवाय वापरता येतो आणि भारतातही तो मोकळा आहे. त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस, कॅमेरे सगळे तिथेच आहेत. या पट्ट्यात भारतात १ ते १३ असे चॅनल मिळतात, पण ते खरे तेरा नाहीत. दोन चॅनलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि प्रत्येक जाळ्याला जागा लागते सुमारे २० ची. त्यामुळे एकमेकांत न मिसळणारे उरतात तीनच: १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचे सगळे १ आणि ६ वर आहेत म्हणून कुणी ३ निवडतो तेव्हा त्याला दोन्हीकडचा त्रास होतो आणि तो दोन्हींना त्रास देतो. त्यापेक्षा या तिघांतला जो कमी गर्दीचा असेल तो घ्यावा आणि रुंदी ४० ऐवजी २० ठेवावी. ॲनलायझर ॲपमध्ये हे चित्र कमानींच्या रूपात सरळ दिसतं.

एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. प्रत्येक यंत्र आधी ऐकतं, कुणी बोलत नसेल तर थोडा थांबून बोलतं. चाळीतल्या एकाच नळासारखं आहे हे. तिथे रांगेत किती जण आहेत यापेक्षा प्रत्येकाची घागर भरायला किती वेळ लागतो याला जास्त महत्त्व. साधारण १५०० बाइटचं एक पुडकं हवेतून ३०० एमबीपीएसने जायला मिलिसेकंदाचा पंचविसावा हिस्सा लागतो. तेच १ एमबीपीएसने जायला १२ मिलिसेकंद, म्हणजे तीनशेपट वेळ. लांबच्या बाल्कनीत बसलेला एक फोन क्षीण संकेतामुळे अशा रडत्या वेगावर गेला, की त्याची घागर भरेपर्यंत राउटरसमोरचा लॅपटॉपही खोळंबतो. 'माझ्याकडे फुल रेंज आहे तरी स्लो' याचं एक कारण हे. त्यावर प्रत्येक जाळं सेकंदाला सुमारे दहा वेळा 'मी इथे आहे' अशी हाळी देतं. एकाच चॅनलवर तीस घरं असली की कुणी काही न बघतासुद्धा सेकंदाला तीनशे हाळ्या होतात. नव्या टॉवरमध्ये २.४ वर भरवसा ठेवू नका, असं मी म्हणतो ते याचमुळे.

मायक्रोवेव्ह चालू केला की गाणं अडकतं ही तक्रार खोटी नाही. तो २.४५ गीगाहर्ट्झवर चालतो. आत त्याची ताकद शेकडो वॉट, राउटरची सहसा एका वॉटच्या दहाव्या भागाइतकी. दाराच्या फटीतून अगदी थोडं निसटलं तरी माणसाला त्याने काही होत नाही, वायफायच्या कानाशी मात्र तो आरडाओरडा असतो. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आणि तिची तारसुद्धा नेमक्या याच पट्ट्यात गोंगाट करते, हे फार कमी जणांना माहीत असतं. डिस्क लावली की वायरलेस माउस अडखळत असेल तर माउस चांगला आहे. त्याचा छोटा रिसीव्हर तारेने लांब घ्यावा.

५ गीगाहर्ट्झचंही एक वेगळं दुखणं आहे. त्यातले ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत, त्यांत हवामानाची रडारही आली. राउटरला तिथे रडारची चाहूल लागली की त्याला ती जागा सोडावी लागते आणि नवी जागा घेण्याआधी मिनिटभर नुसतं ऐकावं लागतं. ५ चं नाव यादीतून मधूनच गायब होऊन मिनिटाभराने परत येत असेल तर राउटरमध्ये चॅनल ३६ ते ४८ पैकी एखादा कायमचा बांधून टाका.

घर मोठं असेल आणि जागा बदलूनही पोहोचत नसेल, तर लोक रिपीटर आणतात. तो त्याच हवेत ऐकतो आणि त्याच हवेत पुन्हा सांगतो, म्हणून साधा रिपीटर वेग साधारण निम्म्यावर आणतो. शिवाय बहुतेक जण तो जिथे रेंज नाही नेमका तिथेच लावतात. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? तो अर्ध्या वाटेवर हवा. माझा सल्ला विचाराल तर आतल्या खोलीपर्यंत एक लॅनची तार ओढा आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून बसवा, नाव आणि पासवर्ड तोच ठेवून. घराचं काम चालू असताना विजेच्या पाइपशेजारी एक रिकामा पाइप टाकून ठेवला तर हे शंभर टक्के सोपं होतं. अनेक डब्यांनी मिळून एकच जाळं करणारी मेश ही सोय चांगली आहे, पण तिचे डबेही आपसात तारेने जोडले तरच तिचा खरा लाभ मिळतो.

चौथा टप्पा पत्त्याचा. वायफायची खूण भरलेली दिसते आणि खाली 'जोडलेले, इंटरनेट नाही' असं येतं, तेव्हा हवा ठीक आहे, पुढचं काही तरी अडलंय. राउटर प्रत्येक यंत्राला एक तात्पुरता पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. लॅपटॉपवर तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ, राउटरकडून पत्ता आलाच नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक लावून घेतला. अशा वेळी त्या यंत्रावर ते जाळं 'विसरून' पुन्हा जोडावं. तेवढ्याने नाही झालं तर राउटर बंद करून चालू करणं इथे खरोखर योग्य आहे.

पुढची तपासणी पिंग या आज्ञेने होते. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी हा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. हाक मारायची आणि प्रतिसाद यायला किती वेळ लागला ते मोजायचं. लॅपटॉपच्या आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत आधी राउटरच्या पत्त्याला पिंग करा, बऱ्याचदा तो १९२.१६८.१.१ असतो. उत्तर पाच-दहा मिलिसेकंदांच्या आत आणि सातत्याने यायला हवं. ते इथेच दोनशे-तीनशेवर उड्या मारत असेल तर दोष तुमच्या घरात आहे, कंपनीशी भांडू नका. राउटरचं उत्तर स्थिर आणि इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याचं मात्र येत नाही, तर दोष घराबाहेर आहे, राउटरला छळू नका. तिसरी शक्यता अशी की ८.८.८.८ उत्तर देतो पण नाव लिहून कुठलीच साइट उघडत नाही. मग नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस ही सेवा अडली आहे. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहिलं की बहुतेक वेळा मार्ग मोकळा होतो.

शेवटी यंत्राचे स्वतःचे दोष. जुन्या लॅपटॉपचा आतला छोटा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि मग सुरक्षित साइट उघडायला नकार देतात, कारण त्यांची प्रमाणपत्रं त्या तारखेला अजून जन्मलेलीच नसतात. तारीख दुरुस्त करा, नेट 'येतं'. नवे फोन दर जाळ्यावर वेगळी ओळख सांगतात. राउटरवर ठरावीक ओळखींनाच परवानगी दिली असेल तर असा फोन आत येत नाही. स्मार्ट बल्ब आणि प्लग बहुतेक फक्त २.४ वर बोलतात, त्यामुळे जोडताना राउटरचा तो पट्टा चालू हवा. आणि ज्या एकाच फोनवर काही उघडत नाही, त्यावर कुणी व्हीपीएन चालू ठेवला नाही ना, हे बघायला विसरू नका.

राहिलं ते राउटरच्या मागचं सुई घालून दाबायचं बारीक बटण. ते दाबू नका. बंद-चालू करणं आणि रीसेट करणं या फार वेगळ्या गोष्टी आहेत. रीसेटमध्ये नाव, पासवर्ड आणि कित्येकदा कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाते, आणि मग चालू असलेलं नेटही माणूस येईपर्यंत बंद पडतं.

तक्रार करताना 'नेट स्लो आहे' एवढंच सांगू नका. कुठला दिवा कुठल्या रंगाचा आहे, तारेवर वेग किती आला, किती वाजता आला, राउटरला आणि ८.८.८.८ ला पिंग किती, हे एका कागदावर लिहून सांगा. तक्रारीचा नंबर मागून घ्या. तो नंबर असेल आणि काम झालं नाही, तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे तुम्हाला दाद मागता येते. आणि घराला रंग देणार असाल तर सामान हलवण्याआधी प्रत्येक खोलीतला डीबीएमचा आकडा लिहून ठेवा.